दोन गाड्या मारून एक गाडी बनत नाही

परवा रात्री साडेदहाला अकोटहून भाच्याचा फोन आला. इतक्या रात्री घरचा फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. पण स्वारी खुशीत होती.

"आत्या, बाबांची आरएक्स काढून राहिलो बाहेर."

मला वाटलं, चला, तीन वर्षांनी का होईना, पोराला सुबुद्धी झाली. गाडी धुऊनपुसून सुरू करणार असेल. पण पुढचं वाक्य असं होतं, "इंजिन उतरवतो अन् आर-१५ च्या फ्रेममधी बसवतो. लय खतरनाक गाडी होते, तू पाह्य फक्त."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. फोनवर आमचं भांडण होतं, आणि भांडणात त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा असतो. म्हणून जे सांगायचंय ते इथे लिहिते आहे. घरातले सगळे वाचतात, तोही वाचेल. बाकी मंडळींनी आमचं घरगुती भांडण म्हणून वाचायला हरकत नाही. मात्र हे भांडण फक्त आमच्या घरातलं नाही. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन काढून नव्या फ्रेममध्ये कोंबायची हौस आता गावोगावी आहे, आणि तिला 'जुन्याचं प्रेम' असं गोंडस नाव आहे. मला ते नावच मान्य नाही.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, चार गिअर, वजन साधारण १०३ किलो. कागदावर काहीच नाही. पण त्याच सुमाराला बाजारात आलेली फोर-स्ट्रोक सीडी १०० पेट्रोल वाचवण्याच्या गोष्टी करत होती, आणि ही गाडी अ‍ॅक्सिलरेटर पिळला की नुसती सुटायची. बजाज आणि लुनाच्या महाराष्ट्राला टू-स्ट्रोक नवं नव्हतं. तोवर टू-स्ट्रोक म्हणजे चेतकवर बायको, दोन पोरं आणि गॅसचं सिलिंडर. टू-स्ट्रोक म्हणजे मजा, हे आमच्या गावाला आरएक्सने शिकवलं.

दादाने ती १९९१ मध्ये घेतली. कापसाच्या पैशातून. बाबा आठ दिवस बोलले नाहीत त्याच्याशी. मला त्याने पोपटखेडच्या रस्त्यावर शिकवली, पहाटे, म्हणजे कोणी बघू नये. तरी बघितलंच लोकांनी, आणि आईच्या कानावरही घातलं. आई म्हणाली, "पडली तं घरी सांगत येऊ नको." मी पडले नाही. प्लग काढून घासायचा कसा, कार्बोरेटरची जेट फुंकायची कशी, आणि टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर का ठेवायची, हे सगळं मला त्याने शिकवलं. पुढे मी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, पण दाबाची लाट म्हणजे काय ते मला पुस्तकाच्या आधी त्या सायलेन्सरने समजावलं होतं.

हे एवढं अशासाठी सांगितलं, की "बाईमाणसाला इंजिनातलं काय कळते" हे वाक्य कोणाच्या ओठावर आलं असेल तर त्यांनी ते गिळावं.

आता मुद्द्यावर येते.

पहिला मुद्दा साध्या गणिताचा. आरएक्सची जादू इंजिनात नाही, इंजिन आणि वजन यांच्या हिशेबात आहे. ११ अश्वशक्ती, १०३ किलो. म्हणजे गाडीच्या दर १०० किलोमागे जवळजवळ १०.७. भाच्याकडे जी आर-१५ आहे ती पहिल्या पिढीतली, २००८ साली आली ती. १७ अश्वशक्ती, वजन साधारण १३१ किलो. १०० किलोमागे १३. म्हणजे 'आजकालची प्लॅस्टिकची गाडी' म्हणून ज्या गाडीला हे लोक हसतात, ती मुळातच या हिशेबात पुढे आहे. आता तिचं इंजिन काढून ११ अश्वशक्तीचं बसवा. पाण्याचा रेडिएटर गेला, वजन कमी झालं, धरा १२० किलो. भागाकार करा. ९.२ येतो. आरएक्सपेक्षा कमी आणि आर-१५ पेक्षा तर फारच कमी. दोन गाड्या मारल्या आणि तिसरी जी जन्माला आली ती दोघींच्याही मागे. मग खतरनाक काय झालं? खर्च!

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. आरएक्सचं इंजिन हवेवर थंड होतं. त्याच्या सिलिंडरवरच्या पंख्यासारख्या पट्ट्या समोरून वारा लागावा म्हणून आहेत, आणि त्या गाडीत इंजिन आणि वारा यांच्यामध्ये पुढचं चाक सोडलं तर काही नाही. आर-१५ चं अंग पुढून झाकलेलं, कारण तिच्या इंजिनाला पाणी थंड ठेवतं. वारा इंजिनावर न जाता बाजूने सरकावा यासाठीच ते फेअरिंग घडवलंय. त्या झाकणाच्या आत तू हवेवर जगणारं इंजिन ठेवणार, आणि अकोटच्या मे महिन्यात चालवणार! टू-स्ट्रोक तापलं की पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि धरतो. मिस्त्री लोक त्याला सीझ होणं म्हणतात. साठच्या वेगात इंजिन सीझ झालं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर का, ते आता कळलं? दादाने दोनदा गाडी अशी वाचवली होती. तुझ्या पिढीने फोर-स्ट्रोकवर हात बसवलाय, तुझी बोटं मुठीवर असतात. मी पाहिलंय.

आणि फेअरिंग काढून टाकतो म्हणालास, तर मग आर-१५ चं काय उरलं? टाकी आणि कर्ज.

तिसरा मुद्दा फ्रेमचा. आर-१५ च्या डेल्टाबॉक्स फ्रेमला इंजिनाखालून येणारी नळीच नाही. तिथे इंजिन वरच्या दोन जाड बाहूंना लटकतं आणि स्वतःच फ्रेमचा एक भाग होऊन ताण घेतं. ते इंजिन काढलं की फ्रेमचं एक हाड काढलं. त्या जागी आरएक्सचं चिमुकलं इंजिन बसवायचं तर पट्ट्या कापून, वेल्डिंग करून माऊंट बनवावे लागतात. ते इंजिन तो ताण घ्यायला बनलेलंच नाही. त्यात पुढचं स्प्रॉकेट मागच्या स्प्रॉकेटच्या रेषेत आलं पाहिजे, नाहीतर चेन एका बाजूने खात जाते आणि एक दिवस उतरते. हे सगळं वेल्डिंगच्या दुकानात नजरेने होतं. आमच्या काळ्या मातीवरचे रस्ते वर्षभरात लाटा खातात, एका वेल्डवर किती दणके बसतील ते मोज.

चौथा मुद्दा आवाजाचा, ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर जाताना ताजं पेट्रोलही थोडं त्याच्यासोबत निसटतं. ते परत ढकलायला सायलेन्सरचा पोटातला आकार कामी येतो. तो आधी रुंदावतो, मग आवळतो, आणि धुराच्या दाबाची लाट त्या आवळत्या भिंतीवर आपटून नेमक्या वेळी माघारी येते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने १९५० च्या दशकात हे शास्त्र रेसिंगमध्ये पक्कं केलं. १९६१ मध्ये त्यांचा रेसर एर्न्स्ट डेगनर पश्चिमेला पळाला, ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला, आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. एका नळीच्या आकारासाठी माणसं देश सोडत होती! आणि ती नळी तू नव्या फ्रेमच्या फूटरेस्टला अडते म्हणून कापून वाकवणार. लांबी बदलली की लाटेची वेळ बदलते, वेळ बदलली की ओढ बदलते आणि आवाजही. जो आवाज ऐकून तुला झोप लागायची तो तुला त्या गाडीत मिळणारच नाही. मिळेल तो दुसराच कुठला तरी, फुटका.

अकोटच्या माणसाला हे खरं तर एका वाक्यात कळायला पाहिजे. आपल्याकडून खंडव्याला मीटरगेज जायची, धूळघाटचा वळसा घेत. ती बंद झाली, रूळ उखडले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात अकोट-अकोला ब्रॉडगेजवर गाडी सुरू झाली. मीटरगेजचं इंजिन आमच्या लाडाचं होतं म्हणून ते कोणी ब्रॉडगेजवर चढवलं नाही. इंजिन आपल्या रुळावर शोभतं.

आता त्याची बाजू. एकतर्फी बोलले तर म्हणेल, आत्या मास्तरीण झाली.

त्याचा सगळ्यात दणकट मुद्दा ब्रेकचा आहे, आणि तो खरा आहे. आरएक्सला पुढेमागे ड्रम ब्रेक. पळायची हौस मोठी आणि थांबायची सोय बेताची. त्या काळात ही गाडी घेऊन गेलेली आणि परत न आलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. आर-१५ ला डिस्क ब्रेक, रुंद टायर, चांगलं सस्पेन्शन. "मंग सेफच होते ना आत्या?" नाही होत, राजा. ब्रेक चांगले हवेत तर आर-१५ चालव. तिचं बिघडलेलं इंजिन उघड, बोअर कर, तिला तिचं इंजिन दे. सुरक्षिततेसाठी गाडी कापतोय असं म्हणणारा माणूस स्वतःला फसवत असतो.

दुसरा मुद्दा, जगभर लोक हे करतात. करतात. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या ट्रायटनचं. ट्रायम्फचं इंजिन आणि नॉर्टनची फेदरबेड फ्रेम. पण ती का जन्माला आली तेही वाच. छोट्या ५०० सीसी रेसिंग कार बनवणाऱ्यांना नॉर्टनचं इंजिन हवं होतं, आणि ते सुटं मिळत नव्हतं. म्हणून ते अख्खी गाडी घ्यायचे, इंजिन काढून घ्यायचे, आणि बिनइंजिनाच्या उत्तम फ्रेमा मागे पडून राहायच्या. त्या पोरक्या फ्रेमांना कोणीतरी इंजिन दिलं. शिवाय दोन्ही एकाच काळातल्या, एकाच ताकदीच्या. मला ट्रायटनबद्दल आदरच आहे. आपल्याकडेही बुलेटमध्ये डिझेल इंजिन बसवणारे होते, पुढे कंपनीनेच तशी गाडी काढली. त्यामागे गरज होती, पेट्रोल परवडत नव्हतं. तुझ्या बाबतीत फ्रेम पोरकी असेलही. पण इंजिन पोरकं नाही. त्याला घर आहे, आणि ते घर तुझ्या आईच्या ओसरीत उभं आहे.

"अन् जुगाड तं आपल्या रक्तातच हाय ना?" आहे. पण ज्याला आपण जुगाड म्हणतो तो अडलेल्या माणसाचा असतो. फवारणीच्या दिवसात पाठीवरचा पेट्रोल पंप बंद पडला आणि पार्ट मिळत नाही, तेव्हा शेतकरी तारेने, रबराने तो सुरू करतो, कारण उद्या कपाशीवर अळी असते. तोही टू-स्ट्रोकच, बरं का. त्या माणसाच्या हाताला मी नमस्कार करते. चालती वस्तू मोडून न चालणारी बनवणं, आणि त्याचा व्हिडिओ काढणं, हा जुगाड नव्हे. माज म्हणतात त्याला.

मग कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "गावात कोन पाह्यते?" गावात कोणी पाहत नाही हे खरं. पण अपघात पाहतो. ज्या दिवशी कोणी म्हातारा बाजारातून सायकलवर येताना तुझ्यासमोर येईल, त्या दिवशी विमा कंपनी इंजिन नंबर आणि चेसिस नंबर शेजारी ठेवून बघेल. ते जुळले नाहीत तर भरपाईचं ओझं तुझ्या आईच्या शेतावर येऊ शकतं. हा विचार व्हिडिओ काढणारा कोणी सांगणार नाही.

आणि एक गोष्ट, जी मला फार बोचते. सगळे या गाडीला 'व्हिंटेज' म्हणतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, आणि तीही मूळ रूपात, चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली. देशातली पहिली आरएक्ससुद्धा २०३५ च्या आधी त्यात बसत नाही. आपली बसेल २०४१ मध्ये. तेव्हा तू चाळिशीच्या आतबाहेर असशील. तुझं पोर तुझ्या मागे बसायच्या वयाचं असेल. त्या दिवसापर्यंत गाडी पोचवायला काहीही करावं लागत नाही, फक्त ती कापायची नाही. एका शनिवारच्या वेल्डिंगने तू ते पन्नास वर्षांचं पुस्तक चौतिसाव्या-पस्तिसाव्या पानावर फाडणार आहेस.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, बाईंना जुन्या धुराचा पुळका आलाय. नाही. टू-स्ट्रोक गेलं ते बरंच झालं. अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि ऑइल हवेत सोडणारं यंत्र कोट्यवधी लोकांनी रोज चालवावं असं मी कधीच म्हणणार नाही. अकोल्याच्या टॉवर चौकात नव्वदच्या दशकात उभं राहून डोळे चोळलेत मी. मोटोजीपीनेसुद्धा २००२ पासून फोर-स्ट्रोकची वाट धरली. पण म्हणूनच जी एक उरली आहे ती जशी होती तशी राहावी. महिन्यातून एकदा निघावी, नरनाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावी, बस. एखादी वस्तू जगातून गेली की तिची साक्ष तरी खरी ठेवावी. आर-१५ च्या पोटात लपवलेलं इंजिन कसली साक्ष देणार?

आता जरा खालच्या आवाजात.

मला माहीत आहे तू हे का करतोयस. बाबांची गाडी ओसरीत उभी असलेली तुला बघवत नाही. तिच्यावर बसलं की तू बाबांच्या जागी बसतोस, आणि ते तुला जमत नाही. मग त्यातलं फक्त इंजिन घ्यायचं, आवाज घ्यायचा, आणि ती आकृती, ती सीट, ती टाकी, जिच्यावर तू चार वर्षांचा असताना पुढे बसायचास, ती बाजूला करायची. मी गेली तीन वर्षं अकोटला आले की ओसरीतून न जाता मागच्या दाराने आत जाते. तेव्हा मला हे कळणार नाही असं समजू नकोस.

पण कापून हे सुटत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. गाडीची नोंदणी अजून दादाच्या नावावर आहे. २००६ नंतर दर पाच वर्षांनी त्याने तिचं नूतनीकरण न चुकता केलं, पावत्या कपाटातल्या पिशवीत आहेत. वारसाच्या नावावर गाडी करायचा नमुना ३१ असतो, तो भर. आईची सही घे, माझी गरज लागली तर मी येते. तोपर्यंत त्या गाडीचा एक नटही कायद्याने तुझा नाही, हे तुला शांतपणे सांगते.

मग इंजिन उतरव. हो, उतरवच. पण परत त्याच फ्रेममध्ये बसवायला. आपल्या जुन्या मिस्त्री चाचांच्या हाताला आता कंप आहे, पण पिस्टन आणि सिलिंडरमधली फट ते अजून बोटाने सांगतात. त्यांच्या शेजारी बसून स्वतः खोल. बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँकची बेअरिंगं, ऑइल सील, सगळ्याचा खर्च माझा. हे काम वेल्डिंगपेक्षा शंभर पटीने अवघड आहे आणि व्हिडिओत दिसत नाही. चाचांबरोबर जे नाहीसं होणार आहे ते तुझ्या हातात येईल. इंजिन परत घडवता येतं, तो हात नाही.

आणि तरीही दोन गाड्यांची एक करायची खाज उरली, तर भंगारातून पोरकं इंजिन शोध, सरळ असलेली पोरकी फ्रेम शोध, शेतात चालव, रस्त्यावर आणू नकोस. मी स्वतः स्पॅनर धरायला येईन.

दिवाळीला येते. या वेळी ओसरीतून येईन. गाडी सुरू असेल तर पोपटखेडपर्यंत मी चालवणार, तू मागे बसायचं. दोन बोटं क्लचवर कशी ठेवायची ते बघून घे.

ता. क. : वहिनी, हे वाचलंत तर आधी गाडीची किल्ली तुमच्याकडे घ्या. भांडण मागाहून करू :)